तासभर बसण्याची अट

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस,

धाकट्या दिराचा उभ्याउभ्याच नमस्कार. आपण सर्व तिकडे खुशाल असाल, दादाची कंबर वाकली की परत सरळ होत असेल आणि थोरलीचे पुढचे दात एव्हाना आले असतील अशी आशा करतो. धाकटी अजून माझ्या जुन्या चपला लपवते का? (लपवत असेल तर लपवू दे. माझं काहीतरी एका जागी राहायला शिकेल.) आपल्या आम्लपित्तास उतार पडला असल्यास कळवावे, नसल्यास दादाला कळवावे, कारण ते त्याच्यामुळेच होतं. दादाने बजावलं होतं की वहिनीला पत्र लिहिशील तर नीट अहो-जाहो करून लिही, आता नोकरीचा माणूस आहेस. म्हणून एवढं निभावलं. आता धाप लागली. इथून पुढे तू ती तूच.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. त्याचं असं आहे की फोनवर बोलताना मी चालायला लागतो, चालता चालता जिन्याखाली जातो, आणि जिन्याखाली आवाज तुटतो. मागच्या वेळी "माझ्या मामेबहिणीने अट घातली आहे" एवढं ऐकलं आणि जिना आला. अट काय ते ऐकायला वर आलो, आणि ऐकून पुन्हा खाली गेलो ते रस्त्याच्या टोकापर्यंत. तेव्हा या गोष्टी कागदावरच बऱ्या. कागद आपल्याबरोबर चालत नाही.

तुझ्या मामेबहिणीचं म्हणणं मला पटलं नाही असं नाही. शाळेचे गणवेश शिवणारी बाई, दिवसभर लोकांची मापं घेते. फोटोवरून माप घेता येत नाही हे तिला नाही तर कुणाला कळणार? "फोटोत सगळेच गप्प बसलेले असतात, त्याला एकदा तासभर माझ्यासमोर बसू दे, मग सांगते", हे रास्तच आहे. माझा प्रश्न एवढाच की मी बसत नाही ही बातमी तिला दिली कुणी? (उत्तर नको. पुतण्यांनी मला फोनवर सगळं सांगितलं आहे, तू माझी नक्कल करून दाखवलीस तीसुद्धा.) आणि वर महिनाअखेरीला त्या दुसऱ्या स्थळाला, पतपेढीतल्या गृहस्थाला, तिने हो किंवा नाही सांगायचं आहे. पतपेढीतला माणूस, वहिनी. सकाळी बसतो तो संध्याकाळी उठतो, आणि त्याला त्याचाच पगार मिळतो. त्याच्याशी मी बसण्याची शर्यत लावायची म्हणजे कासवाशी पोहण्याची. तरी म्हटलं, हरलो तर हरलो, पण आधी तिथे पोचायला तर हवं. त्यासाठी रजा हवी. आणि सगळी रामकहाणी या रजेपासून सुरू होते.

आमचं गोदाम म्हणजे पत्र्याची लांबच लांब शेड. चमच्यापासून गादीपर्यंत घराला लागेल ते सगळं फळ्यांवर मांडलेलं. हातात चिठ्ठी पडते, त्यावरची वस्तू शोधायची, बांधणीच्या टेबलावर आणून टाकायची, पुढची चिठ्ठी घ्यायची. दिवसभर उभं, कारण बसायला तिथे काही नाहीच. (विकायच्या खुर्च्यांची अख्खी रांग आहे, पण त्या खोक्यात सुट्या करून भरलेल्या, आणि खोक्यात बसता येत नाही. वकिलाने बसून पाहिलं आहे.) वकील म्हणजे माझ्या खोलीतला सोबती, आपल्याच बाजूचा. वकिली शिकलेला नाही, पण "आज उकडतंय" म्हटलं तरी उलट बाजू मांडतो, आणि मांडताना दोन्ही हात पंख्यासारखे फिरवतो. बसण्याच्या बाबतीत मात्र त्याचा हात कुणी धरणार नाही. एकदा टेकला की जेवणाच्या घंटेशिवाय उठत नाही. आमच्या दोघांत देवाने एकाच माणसाचं सामान वाटलं असावं, याला बूड दिलं आणि मला पाय.

रजा असते, पण कधीची ते साहेब ठरवतात. आमच्यातले सगळ्यात वडील म्हणजे अण्णा. त्यांनी मुलीच्या बाळंतपणाला रजा मागितली, ती नात रांगायला लागल्यावर मिळाली. अण्णा म्हणाले, चला, निदान ती ओळखेल तरी. असल्या ठिकाणी मी महिनाअखेरच्या आत रजा कुठून आणणार होतो? तेवढ्यात मोजणीबाई आली.

तिचं खरं नाव लांब आहे आणि पदव्या त्याहून लांब. विद्यापीठातून आलेली, हिशेबाच्या शास्त्रात संशोधन करते. मी म्हटलं, हिशेब कचेरीत असतो बाई, आमच्याकडे बादल्या असतात. त्यावर तिने शांतपणे समजावलं, की पूर्वी हिशेबनीस मालाचा आणि खर्चाचा हिशेब ठेवत, आता कामगिरीचाही ठेवतात. माणसाचं नेमकं काय मोजलं आणि त्यावर कसलं बक्षीस लावलं, की तो कसा वागतो, हे तिला शोधायचं होतं. बाई गुणी, पण दूरची. आपली भाषा तिने पुस्तकं वाचून शिकलेली, त्यामुळे इतकं शुद्ध बोलायची की आम्हाला कळायचं नाही. पहिल्याच दिवशी तिने वकिलाला विचारलं, "आपण कोणत्या प्रेरणेने काम करता?" वकील म्हणाला, "प्रेरणा नावाचं इथे कुणी नाही, बाई. दुसऱ्या पाळीत विचारून बघा." तिने ते लिहून घेतलं.

बक्षीस साहेबांनी जाहीर केलं. प्रत्येक फेरीत जो पहिला येईल त्याला हवी तेव्हा रजा. ते ऐकून मी त्या दिवसात पहिल्यांदा एका जागी उभा राहिलो.

पहिल्या फेरीत नग मोजले. जो जास्त नग आणेल तो पुढे. आता वहिनी, चमचाही एक नग आणि गादीही एक नग, हे कळायला शाळा लागत नाही. दुपारपर्यंत चमच्यांच्या फळीपुढे रेशनच्या दुकानासारखी रांग लागली, आणि गाद्यांच्या चिठ्ठ्या माणसं पायानेच टेबलाखाली सरकवायला लागली. त्या आठवड्यात ज्याने चमचा मागवला त्याला तो मागवायच्या आधी पोचला असेल. गादी मागवणारे जमिनीवर झोपले. शेवटी एक गिऱ्हाईक चिडून स्वतःच गादी शोधत आलं, तर त्याला गादीवर वकील सापडला. (वकिलाने त्याला पटवून दिलं की गादी तपासूनच दिली जाते. तो माणूस आभार मानून गेला.) आमच्या मागे आणखी एक शेड आहे, तिथल्यांना मोजणीबाईने मुद्दाम मोजलं नव्हतं, मोजलेल्यात आणि न मोजलेल्यात काय फरक पडतो ते बघायला. ते दोन-तीन दिवस गप्प होते, मग घोळक्याने आले की आम्ही काय माणसांत नाही का, आम्हालाही मोजा. त्या फेरीत मी कुठेच नव्हतो, कारण चमचा आणायला निघालो की वाटेतल्या खिडकीतून बाहेर डोकावल्याशिवाय मला राहवत नाही.

मग साहेबांच्या डोक्यात आलं की नग मोजू नका, हालचाल मोजा. जो हलतो तो काम करतो. मोजणीबाई म्हणाली की तसंच असेल असं नाही, पण गोदाम साहेबांचं. सगळ्यांच्या मनगटाला एकेक पट्टा आला. हात-पाय हलले की पट्टा ते टिपणार.

वहिनी, पुढचं वाचायच्या आधी दादाला बोलाव. मी पहिला आलो. नुसता पहिला नाही, माझा पट्टा बिघडलाय समजून त्यांनी दोनदा बदलला. मी काही जास्त काम केलं नाही, खोटं कशाला बोलू, उलट चारदा रिकाम्या हाताने बादल्यांपर्यंत जाऊन आलो, कारण तिथून रस्ता दिसतो. ज्या पायांसाठी मास्तरांनी मला सातवीपर्यंत वर्गाबाहेर उभं केलं (आणि उभाही राहीना म्हणून शाळेबाहेर), त्याच पायांसाठी माझा फोटो भिंतीवर लागला, खाली लिहिलं होतं "आदर्श कामगार". फोटो हललेला आला आहे. दुसरा कोण आला असेल? वकील. गाद्यांवर बसून दिवसभर त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या अण्णांशी वाद घातला, दोन्ही हातांनी. अण्णा बिचारे सगळ्या बादल्या एकट्याने वाहून शेवटून दुसरे आले, कारण ते हळू चालतात आणि कमी फेऱ्यांत जास्त आणतात.

तर रजा माझी झाली होती. मी पिशवीसुद्धा भरली होती. इथे जर देवाने पत्र संपवू दिलं असतं तर किती बरं झालं असतं.

झालं असं, की मोजणीबाईला कारण हवं होतं. हा माणूस इतका का हलतो? बक्षिसासाठी की मुळातूनच? तिने वकिलाला विचारलं. वकिलाने माझ्या भल्यासाठीच सांगितलं, "त्याला बक्षीस नको नि काही नको. तो लहानपणापासूनच चळवळ्या आहे." आपल्याकडे शेंबड्या पोराला सुद्धा कळतं की चळवळ्या म्हणजे ज्याच्या अंगात मुंग्या भरल्यात तो. पण बाईने शब्दकोश उघडला. आणि साहेबांना जो अहवाल गेला त्यात (मला नंतर तिनेच वाचून दाखवलं) लिहिलं होतं, की सदर कामगार बालपणापासून चळवळीत असून तो बक्षिसाने नव्हे तर तत्त्वाने चालतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांचं बोलावणं. मला वाटलं रजेवर सही करायची असेल. आत गेलो तर चहा. साहेबांनी आजवर मला पाणी विचारलं नव्हतं, आणि इथे बिस्किटं. बसा म्हणाले. मी म्हटलं, नको, उभाच बरा. ते जरा मागे सरकले. म्हणाले, "काय ते मोकळेपणाने बोला. तुमच्या पाठीशी कोण कोण आहे?"

म्हटलं, "दादा आहे, वहिनी आहे, आणखी दोघी आहेत, पण त्या लहान आहेत."

"म्हणजे सगळे बाहेरचे?"

"हो साहेब. इथलं माझं कोण असणार?"

त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, माझ्या कानावर आलंय की तुम्ही बसणार आहात. (वकिलाने तुझ्या मामेबहिणीची अट अख्ख्या गोदामात सांगितली होती, पण साहेबांच्या कानापर्यंत तिचा शेपटाकडचा तुकडाच पोचला होता.) मी लाजलो. म्हटलं, बसावंच लागणार साहेब, समोरच्यांनी तशी अटच घातलीय.

"किती वेळ?"

"सुरुवातीला एक तास. जमलं तर मग जन्मभर."

वहिनी, त्यांचा चहा सांडला. मी म्हटलं, साहेब, खरं सांगू का, भीती मलाच वाटते, कारण सवय नाही. इथे सवय होणार कुठून? टेबलापाशी साधी स्टुलं असती तर सराव तरी झाला असता. ते लगेच म्हणाले, आणि स्टुलं दिली तर? म्हटलं, दिली तर काय, सगळेच बसतील. ते कसंबसं हसले. मग विचारलं, आणि दुसरी मागणी? म्हटलं, मागणी एकच, रजा, आणि ती सुद्धा मागू तेव्हा. ते म्हणाले, सगळ्यांना? मी म्हटलं, द्या की, मला काय. (वहिनी, मी नुसता उदारपणा केला होता. आपलं पान वाढलेलं असलं की माणूस पंगतीला आग्रह करतोच.)

त्याच आठवड्यात स्टुलं आली. प्रत्येक टेबलाला एक, खालून रबर लावलेली. आणि फळ्यावर सूचना लागली की यापुढे रजेचे दिवस प्रत्येकाने स्वतः सांगायचे. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. मी वरूनही पाय हलवत होतो म्हणून त्यांनी लवकर खाली ठेवलं. सूचनेच्या शेवटी होतं, की कामगारांचे प्रतिनिधी म्हणून माझी समितीवर नेमणूक झाली आहे, आणि बोलणी पूर्ण होईपर्यंत प्रतिनिधींनी गाव सोडू नये ही नम्र विनंती. म्हणजे शेडमध्ये ज्याला मागेल तेव्हा रजा नाही असा आता एकच माणूस आहे. समितीत तरी बसावं, तर तेही जमत नाही. मध्येच उठतो. मी उठलो की साहेबांना वाटतं नवी मागणी आली. परवा पायाला मुंग्या आल्या म्हणून उभा राहिलो, तर पंखे मंजूर झाले.

मोजणीबाई माझं अभिनंदन करायला आली, आपली चळवळ यशस्वी झाली म्हणाली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, "बाई, चळवळ नाही हो. चुळबुळ." तिने तो शब्द शोधला. मग म्हणाली, ही माझी चूक आहे आणि ती मला लिहावी लागेल. मी विचारलं, कुठे लिहाल? म्हणाली, प्रबंधात, मर्यादांच्या प्रकरणात, तो पुरा व्हायला अजून दोन-तीन वर्षं तरी जातील. पण तुम्हाला रजा हवी असेल तर मी आजच वर जाऊन साहेबांना सांगते, तुम्ही फेरी जिंकली आहे, ती तुमच्या हक्काची आहे. बाई प्रामाणिक, वहिनी. आम्ही दोघं निघालोसुद्धा. कचेरीचा जिना अर्धा चढलो, आणि मला सवयीने खाली बघायची बुद्धी झाली. अण्णा स्टुलावर बसले होते. बूट काढले होते, सुजलेले पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवले होते, आणि बसल्या बसल्या बादल्या बांधत होते, सगळ्यांच्या पुढे. साहेबांना कळलं की मी नुसता चुळबुळ्या, तर स्टुलं पहिल्या गाडीने परत जाणार, आणि अण्णांची पुढची रजा नातीच्या लग्नाला. मी बाईला म्हटलं, वर काही काम नव्हतं, नुसते पाय मोकळे करायला आलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि या खेपेला काही लिहून घेतलं नाही.

असा मी इथे पुढारी होऊन अडकलो आहे आणि महिनाअखेर दाराशी आली आहे. पुतण्यांना पापा. दादाला म्हणावं, त्याचा भाऊ कुठेतरी टिकून आहे. तू जागरण करत जाऊ नकोस. थोरांच्या पाया पडतो, लहानांच्या पायात येतो.

तुझा,
चुळबुळ्या दीर

ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. तुझ्या मामेबहिणीला सांग की रजा मिळाली असती तर मी आलो असतो आणि तासभर बसलोही असतो. दात-ओठ खाऊन बसलो असतो. आणि तिला एक तासभर बसणारा माणूस दिसला असता, जो दुसऱ्या दिवशी तिला कुठेच सापडला नसता. जे मोजायला घेतात तेवढ्यापुरता माणूस तसा होतो, हे मोजणीबाई पुस्तकं लिहून सिद्ध करते आहे, पण तुझ्या बहिणीला कशाला सांगायला हवं? माप घेताना जो पोट आत ओढून उभा राहतो त्याचा सदरा पहिल्या जेवणालाच उसवतो, हे ती रोज बघत असेल. म्हणून माझी एवढीच विनंती आहे, की पतपेढीला थोडं थांबवून धर म्हणावं, आणि मी येईन तेव्हा तासभर समोर बसवू नकोस, तासभर माझ्याबरोबर चाल. त्यात मी जो दिसेन तो जन्मभर टिकेल. नाही म्हणाली तरी चालेल. म्हणजे, चालणार नाही, पण मी चालेन.

आणखी एक. दादाला यातलं काही सांगू नकोस. त्याला पहिला आलो तेवढंच सांग.

अगदी शेवटचं. टपालाने पत्र वेळेत पोचणार नाही म्हणून वकिलाच्या हाती पाठवतो आहे. त्याला मागितल्याबरोबर रजा मिळाली. पाकीट डिंकाने चिकटवलं आहे, तरी त्याने वाचलंच असेल. माणूस सोन्यासारखा आहे, आणि परवापासून नवा सदरा कुठे शिवून मिळेल याची चौकशी करतो आहे. आला की त्याला पाणी दे, खुशाली विचार, जेवायलाही वाढ. फक्त बसा म्हणू नकोस.